चाकावरची खूण

४ ऑक्टोबर

धाकट्यास,

हे पत्र माझं आहे, ताईचं नाही, म्हणून अक्षर ओळखीचं वाटणार नाही. पत्ता तिच्या डब्यातल्या तुझ्या कार्डांवरून घेतला. वर्षाला एक, अशी अकरा कार्डं आहेत. मी वाचली नाहीत. सगळ्यात वरच्या कार्डावरचा पत्ता उतरवला. बोट बदलली असलीस तर तुझी कंपनी पत्र पुढे पाठवेल, असं धरतो.

ताई गेली. पोटाचं दुखणं होतं. फार दिवस ताणलं नाही. शेवटी त्रास कमी होता आणि डॉक्टर माणसं चांगली होती. तुला कळवणं माझं काम होतं, म्हणून कळवतो आहे.

दुसरं कारण इंजिनाचं. आपण दोघांनी मोडीत निघालेल्या मासेमारी बोटीतून काढलेलं सहा सिलिंडरचं इंजिन शेडच्या मागच्या कोपऱ्यात, तू ठेवून गेलास तिथेच आहे. निम्मं तुझं आहे, म्हणून तुला न विचारता हलवलं नाही. ब्लॉकला क्रॅक आहे हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं नुसतं पडून आहे, आता जामही झालं असेल. तुझी हरकत नसेल तर भंगारात देतो. जागा मोकळी होईल.

तब्येतीला जप.

भाऊजी


२१ ऑक्टोबर

धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. मध्ये दोन ओळी. 'इंजिनाचं काय ते करा. ताई कधी गेली, तारीख लिहा.'

तू तारीख विचारशील हे मला कळायला हवं होतं. जुनं इंजिन बघायला गेलो की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा. शेवटचं कधी चालू केलं होतं? मालक इकडचं तिकडचं सांगायला लागला की तू माझ्याकडे बघायचास आणि मी ब्लॉकला हात लावायचो. गरम लागला तर आपण चहासुद्धा न घेता निघायचो. गार इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं की नाही, ते लपवायला लोक आपण येण्याआधी ते तापवून ठेवतात, हे तू मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतंस. माझ्या डिप्लोमात ते नव्हतं. मी हात, तू कान, अशी आपली वाटणी.

१९ ऑगस्ट. सकाळी पावणेसात.

मधल्या दिवसांत शेडचं काम साठलं होतं, त्यामुळे पत्राला उशीर झाला.

हॉस्पिटलचं थोडं लिहितो. तिची खाट खिडकीशी होती. खाली जनरेटर होता, वीज गेली की सुरू व्हायचा. एकदा मला म्हणाली, "त्याचा एक सिलिंडर मारत नाहीये. सांगा त्यांना." मी म्हटलं, "तू झोप." ती म्हणाली, "कशी झोपू? लंगडतोय तो." मी खाली जाऊन बघितलं तर खरंच डिझेल फवारणाऱ्या एका नोझलची नळी सैल होती. पाना नव्हता, रखवालदाराकडून पक्कड घेऊन आवळली. वर आलो तेव्हा तिला झोप लागली होती. तुम्हा दोघा भावंडांचे कान एकाच साच्यातले. तिने कधी मिरवले नाहीत, एवढाच फरक.

आता इंजिनाचं. एक बाई आल्या होत्या. खाडीच्या पलीकडे माणसं नेणारी लाँच त्या स्वतः चालवतात. धक्क्यावर सगळे त्यांना कप्तीणबाई म्हणतात आणि त्याही ओ देतात. त्यांच्या इंजिनात खारं पाणी शिरलं. तेल काढलं तर दुधासारखं पांढरं. मी पुढची दोन इंजिनं दाखवली. त्यांनी बोटाने ऑइल बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ही पुढे मांडलेली असू देत. मागचं दाखवा."

"ते विकायचं नाही."

"का हो? प्रदर्शनात ठेवायचंय?"

"क्रॅक आहे त्याला. भंगारात जाणार आहे."

त्या मागे जाऊन फ्लायव्हीलपाशी वाकल्या. म्हणाल्या, "भंगारात जाणाऱ्या इंजिनाच्या चाकावर खडूची ताजी खूण कुणी करतं का?"

गेल्या पत्रात मी जाम झालं असेल असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. इंजिन फिरतं.

भाऊजी


२ नोव्हेंबर

धाकट्यास,

तुझं काही आलं नाही. तरी लिहितो आहे, कारण गेल्या वेळचं अर्धवट राहिलं.

तू टूलबॉक्स उचलून गेलास त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी शेड बंद करताना मी त्या इंजिनापाशी गेलो. पडून असलेलं इंजिन आठवड्यातून एकदा हाताने फिरवायचं, म्हणजे पिस्टन एकाच जागी बसून राहत नाहीत, रिंगा सिलिंडरच्या आतल्या लायनरला धरत नाहीत. ही सवय तुझीच. दुकानातल्या सगळ्या इंजिनांचं करतो तसं त्याचंही केलं. फ्लायव्हीलच्या भोकात सळई घातली, सावकाश एक फेरा दिला आणि थोडा पुढे नेऊन थांबलो. चाकावरची जुनी खूण पुसली आणि ब्लॉकवरच्या बाणासमोर नवी केली. मनात असं काही नव्हतं. लोखंड आहे, खराब का होऊ द्यायचं, एवढंच. पण घरी सांगितलं नाही. मी तावातावाने बोललो होतो की त्या इंजिनाला परत हात लावणार नाही, आणि तुझी ताई ते ऐकत उभी होती.

पुढच्या शनिवारी बघतो तर खूण बाणासमोर नव्हती. पाव फेरा पुढे गेली होती. मी धरून चाललो की कॉम्प्रेशनने, आत दाबलेल्या हवेने, चाक ढकललं असेल. फेरा दिला, नवी खूण केली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. अशी अकरा वर्षं.

तुला हसू येईल. कॉम्प्रेशन चाकाला मागे ढकलतं. पुढे कधी ढकलत नाही. हे मला येतं. परीक्षेत लिहिलेलं आहे. पण दर शनिवारी मी 'कॉम्प्रेशन' असं म्हणून खूण पुसायचो आणि घरी जायचो.

जुलैपासून बंद असलेली शेड ऑगस्टच्या शेवटी परत उघडली. शनिवारी चाक फिरवलं, बाणासमोर खूण केली. पुढच्या शनिवारी खूण जिथे ठेवली तिथेच होती. मला वाटलं, बघण्यात चूक झाली असेल. पुन्हा फेरा दिला, पुन्हा खूण केली. तिसऱ्या शनिवारीही तिथेच. चौथ्याही. मग मी तुझ्या स्टुलावर बसलो. ते अजून आहे, एक पाय मी बदलला आहे.

मंगळवारी मी जुन्या बोटी तोडतात त्या यार्डात जातो, हे तुला माहीत आहेच. दिवसभर शेडवर तीच असायची. इंजिनाच्या मागे भिंतीशी हातभर लांब पाइप उभा केलेला सापडला. सळईवर चढवला की जोर कमी लागतो. तिची उंची तुला माहीत आहे, नुसत्या सळईने तिला जमलं नसतं. पाइपाच्या धरायच्या टोकाला तिच्या निळ्या स्वेटरची बाही गुंडाळून दोऱ्याने शिवलेली होती. तो स्वेटर कुठे गेला म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "उसवला."

म्हणजे मी करतो हे तिला माहीत होतं. दर मंगळवारी माझी ताजी खूण तिच्यासमोर असणार. मला तिचं माहीत नव्हतं असं लिहायला घेतलं होतं, पण ते मी लिहिणार नाही. खूण पुढे जात होती.

पाइप आहे तिथेच ठेवला आहे.

भाऊजी


९ नोव्हेंबर

धाकट्यास,

कप्तीणबाई काल परत आल्या. म्हणाल्या, "क्रॅक क्रॅक म्हणता, दाखवा तरी." शेजारचा लेथवालाही आला. त्याचे केस आता पार पिकले आहेत, जीभ तीच आहे.

तिसऱ्या सिलिंडरच्या खालची जागा मला पाठ आहे. साफ केली, क्रॅक असला तर त्यात शिरून बसणारं लाल औषध लावलं, थांबलो, पुसलं, वर पांढरी पावडर मारली. बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली. अकरा वर्षांपूर्वी उमटली होती तशीच. त्या दिवशी गिऱ्हाईक बोट घेऊन धक्क्यावर उभं होतं. तू म्हणालास, "आवाज स्वच्छ आहे भाऊजी, हा ओरखडा आहे." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कानाने इंजिन घेणाऱ्याच्या भरवशावर मी माणसं पाण्यात पाठवणार नाही." ते वाक्य तुझ्या लक्षात असेल.

लेथवाल्याने रेघ बघितली आणि विचारलं, "तेव्हा कानस मारून परत बघितलं होतंस का?"

"नाही."

"का रे?"

"रेघ दिसली. पुरे होतं."

"वरवरचा ओरखडासुद्धा लाल दिसतो. कानस मारायची आणि परत औषध लावायचं. हे तूच मला शिकवलंस. डिप्लोमा तुझा की माझा?"

कप्तीणबाई म्हणाल्या, "तुमचं भांडण नंतर. कानस आणा."

बारीक कानस घेतली. चार हात मारले. पुन्हा औषध, पुन्हा पावडर. काही उमटलं नाही. रात्रभर ब्लॉकमध्ये दाब देऊन पाणी भरून ठेवलं. सकाळी दाबाच्या गेजचा काटा जागचा हललेला नव्हता.

क्रॅक नव्हता. बोटीतून काढताना साखळी घासली असेल. तू बरोबर होतास. मी तेव्हाही कानस मारू शकलो असतो, ती माझ्याच खिशात होती. रेघ गेली तर काय, याची भीती वाटली असावी.

आता जे लिहायचं आहे ते पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताई मला म्हणाली, "धाकट्याला कळवा." मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ देत." ती म्हणाली, "रिपोर्ट माझा आहे. त्याचं काय बघायचंय त्यात?" मी म्हटलं, "तूच लिही ना, दर वर्षी लिहितेस." तर म्हणाली, "मी लिहिलं तर तो मला भेटून जाईल. तुम्ही लिहिलं तर तो घरी येईल."

मी लिहिलं. ८ जुलैला, हॉस्पिटलच्या बाकावर. चारच ओळी. पाकिटाला तिकीट लावलं. ते पत्र मी टाकलं नाही. त्यातली तिसरी ओळ अशी होती, 'इंजिनाबद्दल मी म्हणालो तेच खरं होतं, पण ते आता राहू दे.' पेटीपाशी गेलो आणि वाटलं, ही ओळ असली तर तो येणार नाही. दुसरं लिहायला बसलो, तर ती ओळ गाळून पुढे जाता येईना. तिच्या उशाशी बसून तीन दिवस प्रयत्न केला. ती म्हणाली, "चार ओळींच्या पत्राला तुम्ही इंजिन खोलल्यासारखे बसलायत." नंतर एक दिवस विचारलं, "टाकलंत का?" मी म्हणालो, "हो."

त्यानंतर खोलीचं दार उघडलं की ती बघायची. नर्स असायची, नाहीतर जेवणाची गाडी. ऑगस्ट उजाडल्यावर एकदा माझीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "बोटीवर असेल तो. समुद्रात पत्र कुठलं पोचायला." तेव्हा सांगायला हवं होतं. अजून वेळ होता. मी तिला पाणी दिलं.

तिने तुला दोष दिला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो आहे. तू आला नाहीस यात तुझी चूक नव्हती. पत्र पोचलं नाही कारण ते माझ्या खिशात होतं. तिने ते ओळखलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मंगळवारचंही तिने कधी सांगितलं नव्हतं.

८ जुलैचं पत्र पाकिटासकट सोबत ठेवतो आहे. तिसरी ओळ खोडलेली नाही. ते तुझं पत्र आहे.

तू आता काहीही लिहिलंस किंवा काहीच लिहिलं नाहीस, तरी चालेल असं म्हणणार होतो. चालणार नाही. पण तो तुझा प्रश्न.

भाऊजी


३० नोव्हेंबर

धाकट्यास,

कार्ड आलं. एवढं सगळं लिहिलं आणि तू एका ओळीत विचारलंस, 'भाऊजी, नोझल कुणी बघितले?'

मी ते शेडच्या दारात वाचलं, मग आत जाऊन चष्मा पुसून वाचलं. मागच्या कार्डावर 'भाऊजी' नव्हतं.

नोझल मी बघितले. सहाही काढले, धुतले, तपासायच्या पंपावर लावले. फवारा चांगला पडतो, धुक्यासारखा, थेंब नाही. पण चांगला नोझल दाबताना कुरकुरतो, त्या कुरकुरीवरून तू सांगायचास की हा चालेल आणि हा दोन महिन्यांत दगा देईल. मला सहाही सारखेच ऐकू येतात. लेथवाला म्हणतो, चौथा वेगळा आहे. पण लेथच्या आवाजात जन्म गेलेल्या माणसाचं किती धरायचं. चौथा वेगळा, कापडात गुंडाळून ठेवला आहे.

बाकी झालेलं काम सांगतो. समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा नवा घातला, जुन्याच्या दोन पात्या मोडल्या होत्या. कूलरच्या नळ्या सळई घालून साफ केल्या. गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे बदलले. लायनर आरशासारखे आहेत, गंजाचा ठिपका नाही. कप्तीणबाईंनी बॅटरी लावून आत बघितलं आणि विचारलं, "अकरा वर्षं पडून होतं म्हणता, मग याची एवढी निगा कुणी ठेवली?" मी म्हणालो, "घरातल्यांनी." त्यांनी पुढे विचारलं नाही. शहाण्या आहेत.

स्टार्टरला हात लावलेला नाही. कप्तीणबाईंना घाई आहे, भाड्याच्या लाँचवर चालवतायत. त्यांना सुरू करून दाखवायला हवं. मी म्हटलं, माझा जोडीदार आल्याशिवाय होणार नाही, आवाज तो ऐकतो. त्या म्हणाल्या, "जोडीदार आहे तरी कुठे?" मी म्हटलं, "बोटीवर." तर म्हणाल्या, "बोटीवरच्या माणसाची वाट बघायची मला सवय आहे. दिवस तेवढा सांगा."

शनिवारी मी फेरा देतो. मंगळवारी देत नाही. एकदा पाइप हातात घेतला होता, स्वेटरच्या बाहीत माझा हात बसेना, परत ठेवला.

मागची खोली झाडून घेतली आहे. खिडकीची कडी नवी बसवली. तुझी अकरा कार्डं टेबलावर ठेवली आहेत. अजूनही मी वाचलेली नाहीत. आलास की तुझी तू बघ, मला वाचून दाखवावीशी वाटली तर दाखव.

कप्तीणबाईंना मी मंगळवार सांगितला आहे. कुठला मंगळवार ते सांगितलं नाही. तू ये आणि आधी ब्लॉकला हात लावून बघ. गार असेल.

तुझा,
भाऊजी